परदेशात खेळणारा फुटबॉलपटू: मोठा पगार स्वीकारावा की वास्तव्याचा हक्क जपावा?

वाचकाची अडचण: पत्रलेखक २६ वर्षांचे व्यावसायिक फुटबॉलपटू आहेत. त्यांच्या विनंतीवरून देश, क्लब आणि ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत. १९व्या वर्षी त्यांनी मायदेश सोडला आणि आता ते परदेशात दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये मधल्या फळीत खेळतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झाली. आता ते नियमित खेळतात, पण लागोपाठ सामने आले की गुडघा सुजतो. पगार वेळेवर मिळतो. करार पाच महिन्यांनी संपणार असून क्लबने एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली आहे, मात्र पगार एक चतुर्थांशाने कमी होईल. दरम्यान एजंटने एका तिसऱ्याच देशातील क्लबचा दोन वर्षांचा प्रस्ताव आणला आहे. तिथला पगार आजच्या अडीचपट आहे आणि सही दहा दिवसांत करावी असा आग्रह आहे. सध्याच्या देशात कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी सलग राहण्याची जी अट आहे, ती पूर्ण व्हायला चौदा महिने उरले आहेत. मागे एक हंगाम ते दुसऱ्या देशात लोनवर, म्हणजे मूळ क्लबशी करार कायम ठेवून तात्पुरते दुसऱ्या क्लबकडून खेळायला, गेले होते, तेव्हा ही मोजणी एकदा पहिल्यापासून सुरू करावी लागली होती. दरमहा निम्म्याहून अधिक कमाई ते घरी पाठवतात. पुढच्या वर्षी मुलगा पहिल्या श्रेणीत खेळणार, असे वडिलांनी नातेवाइकांना सांगून ठेवले आहे आणि गुडघ्याचे दुखणे घरी कोणालाच ठाऊक नाही. इथले नागरिकत्व घेतलेस तर ती मायदेशाशी प्रतारणा होईल, असे काही जुने सहकारी त्यांना सुनावतात. ते विचारतात, ‘‘पैसे निवडावेत की कागद? आणि सात वर्षांनंतरही मी दुसऱ्याच श्रेणीत आहे, म्हणजे मी अपयशी ठरलो का?’’

प्रिय मित्रा,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घ्यायला हवा, कारण बाकीचे निर्णय तुम्ही त्याच्याच ओझ्याखाली घेत आहात, असे पत्र वाचताना सतत जाणवत राहिले. जगभरातील खेळाडू संघटनांचा महासंघ असलेल्या फिफप्रोने २०१६ साली सुमारे १४,००० व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यातल्या ४१ टक्के खेळाडूंनी आधीच्या दोन हंगामांत आपला पगार थकल्याचे सांगितले होते, आणि करारांची सरासरी मुदत अवघी २२ महिने निघाली होती. दूरचित्रवाणीवर दिसणारे फुटबॉल हे या व्यवसायाचे अगदी वरचे टोक आहे. बहुसंख्य खेळाडूंचे आयुष्य या पाहणीतल्या आकड्यांसारखे असते. परक्या देशात जाऊन, तिथली भाषा शिकून, शस्त्रक्रियेनंतर संघातली जागा परत मिळवून, दरमहा ठरल्या तारखेला पगार घेणारा खेळाडू या व्यवसायात मागे पडलेला नाही. तुम्ही स्वतःला ज्या मापाने मोजत आहात, ते माप मला मान्य नाही.

ते माप कुठून आले असावे याचा अंदाज करता येतो. दिदिए द्रोग्बा आयव्हरी कोस्टहून लहानपणी नातलगाकडे फ्रान्सला आले, २१व्या वर्षी दुसऱ्या श्रेणीतल्या ल माँ या क्लबकडून त्यांना पहिला व्यावसायिक करार मिळाला आणि २००४ मध्ये, म्हणजे तुमच्याच वयात, ते इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतल्या चेल्सी क्लबमध्ये दाखल झाले. स्थलांतरित खेळाडूला धीर देताना ही हकिकत हमखास सांगितली जाते. ती खरी आहे आणि उमेद देणारीही आहे. परंतु त्याच हंगामांत, त्याच श्रेणीत, तितक्याच निष्ठेने सराव करणारे जे शेकडो परदेशी खेळाडू पुढे त्याच श्रेणीत राहिले किंवा खाली गेले, त्यांच्या हकिकती कोणी सांगत नाही. तेव्हा या उदाहरणातून एवढेच घ्यावे की २६ हे वय उशिराचे नाही. दर हंगामाला एक पायरी वर चढलेच पाहिजे, असा अर्थ त्यातून काढू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पैसे की कागद, असे विचारताना तुम्ही असे धरून चालला आहात की या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत आणि एक घेतली की दुसरी सोडावी लागते. परदेशी खेळाडूच्या बाबतीत हे गृहीतकच तपासून पाहावे लागते, कारण त्याच्या कारकिर्दीत कागदालाही बाजारभाव असतो. अनेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित असतात. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरचे उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक क्लबकडे परदेशी खेळाडूंसाठी ठरावीक जागा असतात, पण ज्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे तो खेळाडू त्यांत मोजला जात नाही. म्हणजे गुणवत्ता, वय, दुखापतींचा इतिहास सगळे सारखे असूनही ज्याच्याजवळ कायम वास्तव्याचा कागद आहे, त्याला घेणे क्लबला सोपे जाते. तुमच्या देशातील लीगचा नियम काय आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण तो पहिल्याच दिवशी शोधून काढण्यासारखा आहे. तिथेही अशीच मर्यादा असेल, तर चौदा महिन्यांनंतर तुम्ही क्लबच्या दृष्टीने वेगळ्या रकान्यातले खेळाडू व्हाल आणि पगाराची बोलणी तेव्हा वेगळ्या पातळीवर होतील.

कागद नसल्यामुळे पायाखालची वाट बंद झाल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. भारतीय संघाचे पुढे अनेक वर्षे कर्णधार राहिलेले सुनील छेत्री यांनी २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार केला होता. तो प्रत्यक्षात येऊ शकला नाही, कारण फिफाच्या क्रमवारीत भारत पहिल्या सत्तर देशांत नव्हता आणि त्यामुळे त्यांना वर्क परमिट नाकारले गेले. खेळाडू चांगला होता, क्लब तयार होता, आणि तरीही निर्णय तिसऱ्याच निकषावर झाला. इंग्लंडमध्ये आता गुणांची पद्धत आहे. राष्ट्रीय संघासाठीचे सामने, क्लबसाठी प्रत्यक्ष खेळलेली मिनिटे, ज्या लीगमध्ये खेळलो तिचा दर्जा, अशा गोष्टींचे गुण तिथे मोजले जातात. यातली मिनिटांची बाब तुम्ही विशेष ध्यानात घ्यावी. जिथे अडीचपट पगार मिळेल पण बाकावर बसावे लागेल, तिथे तुम्ही पुढच्या परवान्यासाठी लागणारी सामग्रीही गमावत असता. नव्या क्लबमध्ये तुमच्या जागेवर आधीच किती खेळाडू आहेत, प्रशिक्षकाला तुम्ही हवे आहात की फक्त व्यवस्थापनाला, आणि त्या प्रशिक्षकाची स्वतःची नोकरी किती दिवसांची आहे, याची चौकशी एजंटने केली आहे का? तुमच्या पत्रात पगाराचा उल्लेख चार वेळा आला आहे आणि तिथे खेळायला किती मिळेल याचा एकदाही नाही.

तुमच्या सध्याच्या देशात राहण्याचा परवाना क्लबच्या करारावर उभा आहे. तिसऱ्या देशात गेल्यावर तो तिथल्या क्लबच्या करारावर उभा राहील आणि इथली मोजणी, लोनच्या हंगामात झाली तशी, बहुधा पुन्हा शून्यावर येईल. समजा, तिथे सहाव्या महिन्यात गुडघा पुन्हा गेला आणि क्लबने तडजोड करून करार संपवला. त्या दिवशी तुमच्याकडे नोकरी नसेल, त्या देशात राहण्याचा आधार नसेल, इकडे परतण्याचा हक्क नसेल आणि पायावर नवी शस्त्रक्रिया असेल. अडीचपट पगाराचे सहा महिने म्हणजे आजच्या पगाराचे पंधरा महिने. ज्या हक्कासाठी तुम्ही जवळजवळ चार वर्षे मोजली, त्याची ही किंमत तुम्हाला पुरेशी वाटते का? मला ती पुरेशी वाटत नाही, आणि हे मी तुमच्या गुडघ्याकडे बघून म्हणत आहे. गुडघा ठणठणीत असता तर माझे मत इतके ठाम नसते.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी खेळाडू फार कमी बोलतात. काही देशांत मालकाचा परदेशी कर्मचाऱ्यावरील ताबा फक्त करारापुरता राहत नाही. फ्रेंच-अल्जीरियन खेळाडू झहीर बेलुनी यांचा पगारावरून वाद झाला आणि देश सोडायची परवानगी न मिळाल्यामुळे ते कतारमध्ये कुटुंबासह अडकून पडले. २०१३च्या नोव्हेंबरअखेर ते फ्रान्सला परतू शकले. तिथली ती परवानगीची पद्धत नंतर बदलली, तरी ज्या देशात जाणार त्या देशात नोकरी सोडण्याचा, क्लब बदलण्याचा आणि देशाबाहेर पडण्याचा अधिकार खेळाडूच्या स्वतःच्या हातात आहे की नाही, हा प्रश्न पगाराच्या आधी विचारावा.

दहा दिवसांच्या मुदतीबद्दल मला काळजी वाटते. फिफाच्या नियमांनुसार करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी काळ उरला असेल, तर खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. तुमचे पाच महिने उरले आहेत, म्हणजे तुम्ही आजही मोकळे आहात आणि पुढचे पाच महिनेही मोकळे राहाल. बेल्जियन फुटबॉलपटू बोस्मान यांच्या खटल्याचा निकाल १९९५च्या डिसेंबरात लागल्यापासून, युरोपात आणि हळूहळू सगळीकडेच, मुदत संपलेल्या खेळाडूसाठी नव्या क्लबला हस्तांतरणाची रक्कम मोजावी लागत नाही. हे बळ तुमच्या बाजूचे आहे. घाई क्लबला असू शकते, एजंटला असू शकते. तुम्हाला घाई असण्याचे एकही कारण तुमच्या पत्रात दिसले नाही. एखादा क्लब तुम्हाला खरोखर दोन वर्षे सांभाळणार असेल, तर तो वकिलाने मसुदा वाचेपर्यंत तीन आठवडे थांबू शकतो.

एजंटला फिफाचा परवाना आहे का, हे तपासा. २०२३ पासून परीक्षेनंतर मिळणाऱ्या परवान्याची पद्धत पुन्हा लागू झाली आहे आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्याला या व्यवहारात कोणाकडून किती मोबदला मिळणार आहे, हे त्याच्याकडून लेखी घ्या. तो नव्या क्लबकडूनही पैसे घेणार असेल तर त्यामुळे तो लबाड ठरत नाही, पण त्याच्या सल्ल्याकडे तुम्ही कोणत्या नजरेने पाहायचे ते ठरते. सध्याच्या क्लबमध्ये राहिलात तर त्याला फारसे काही मिळणार नाही, ही साधी गोष्टही विसरू नका.

‘वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा या नंतरच्या औपचारिकता आहेत’ असे एजंट म्हणाला, असे तुम्ही लिहिता. फिफाचा नियम असा आहे की कराराची वैधता वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होण्यावर किंवा वर्क परमिट मिळण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. या गोष्टी क्लबने सहीच्या आधी पार पाडायच्या असतात. तेव्हा मसुद्यात तशी अट घातलेली असेल, तर तो क्लब एकतर नियम जाणत नाही किंवा जाणूनबुजून सुटकेचा दरवाजा उघडा ठेवतो आहे. सुजणाऱ्या गुडघ्यावर अशी सही करून, इथली मुदतवाढ नाकारून तिथे पोहोचणे आणि मग तपासणीत नापास होणे, हा तुमच्यासाठी सर्वांत वाईट शेवट ठरेल. पगाराचा आकडा कर कापण्याआधीचा आहे की हातात पडणारा, कोणत्या चलनात आहे, दीर्घ दुखापतीच्या काळात तो पूर्ण चालू राहतो का, शस्त्रक्रियेचा खर्च आणि विमा कोणाकडे, घरभाडे त्यातच धरले आहे का, ही उत्तरे मिळाल्यावर अडीचपट पगार पुष्कळदा दीडपटीवर येतो.

पगार थकला तर काय, हेही आताच समजून घ्या. क्लबने किमान दोन महिन्यांचे वेतन बेकायदेशीरपणे थकवले, खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत दिली आणि तरीही पैसे आले नाहीत, तर फिफाच्या नियमांनुसार करार संपवण्यास ते न्याय्य कारण ठरते. परदेशी खेळाडू आणि क्लब यांच्यातले असे वाद फिफाच्या फुटबॉल न्यायाधिकरणाकडे नेता येतात. खेळाडूला त्यासाठी शुल्क पडत नाही, मात्र दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. पुढचे अपील लोझान येथील क्रीडा लवादाकडे जाते. हा मार्ग अस्तित्वात आहे ही समाधानाची गोष्ट आहे, पण निकाल आणि वसुली यांत महिनेच्या महिने जातात, आणि त्या काळात घरी पैसे पाठवण्याची तारीख थांबत नाही. उलट बाजूने, न्याय्य कारण नसताना करार तुटला तर भरपाई खेळाडूवरही बसते. फ्रेंच खेळाडू लासाना दियारा यांचा रशियातल्या लोकोमोटिव्ह मॉस्को या क्लबशी असलेला करार २०१४ मध्ये तुटला, तेव्हा त्यांना एक कोटी पाच लाख युरो भरण्याचा आदेश झाला होता. युरोपीय न्यायालयाने त्यामागचे काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले ते २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. दुसऱ्या श्रेणीतल्या खेळाडूकडे दहा वर्षे लढण्याचे बळ कुठून येणार? म्हणून ‘नाही जमले तर सोडून येईन’ हे गृहीत धरून सही करू नये.

सध्याच्या क्लबचा प्रस्तावही आहे तसा स्वीकारा, असे मी म्हणणार नाही. पगारकपातीचा तुम्हाला अपमान वाटला, हे समजण्यासारखे आहे. पण क्लब तुमच्या गुडघ्याचा धोका त्या आकड्यात मोजतो आहे आणि त्या मोजणीवर बोलणी होऊ शकतात. तुमची खरी गरज चौदा महिन्यांपेक्षा लांब कराराची आहे. एक वर्षाची मुदतवाढ आजच्या करारानंतर सुरू झाली तर पाच आणि बारा मिळून सतरा महिने होतात, म्हणजे अट पूर्ण झाल्यावर अर्ज आणि निर्णय यांसाठी जेमतेम तीन महिने हाताशी राहतात. अर्जावरच्या निर्णयाला तिथे किती वेळ लागतो आणि निर्णय येईपर्यंत करार चालू असणे आवश्यक आहे का, हे स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारा. हा वकील क्लबचा नसावा आणि एजंटने सुचवलेलाही नसावा. त्याच्या उत्तरानुसार क्लबकडे दोन वर्षे मागा, मूळ पगार थोडा कमी राहिला तरी चालेल. प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांमागे वाढीव रक्कम मागा, म्हणजे गुडघ्याचा धोका दोघांत वाटला जाईल. कायम वास्तव्याच्या अर्जाचा वकिली खर्च क्लबने उचलावा, असेही सुचवा. परदेशी खेळाडूची जागा मोकळी होणार असेल तर क्लबचाही त्यात फायदा आहे. ‘एक अधिक एक’ असा करार पुढे आला, तर दुसऱ्या वर्षाचा पर्याय कोणाच्या हातात आहे ते पाहा. केवळ क्लबच्या हातात असलेला पर्याय तुम्हाला बांधून ठेवतो आणि क्लबला मोकळा सोडतो. तुमच्या देशात खेळाडूंची संघटना असेल, तर तिचे सदस्यत्व घेऊन मसुदा त्यांच्याकडून वाचून घ्या. हे काम या संघटना नेहमी करतात आणि परदेशी खेळाडूच त्यांच्याकडे सगळ्यात उशिरा पोहोचतात.

जाणे कधी योग्य ठरेल, तेही सांगायला हवे. सध्याच्या क्लबने मुदतवाढ मागे घेतली आणि त्याच देशात दुसरा क्लब मिळाला नाही, किंवा वकिलाने असे सांगितले की बाहेर राहूनही तुमची मोजणी तुटत नाही, किंवा नव्या देशात तुम्हाला तितकाच भक्कम वास्तव्याचा मार्ग मिळतो आहे आणि दोन वर्षांच्या रकमेपैकी मोठा भाग सहीच्या वेळीच हातात पडतो आहे, तर हिशेब बदलतो. गुडघ्याचा स्वतंत्र डॉक्टर तुम्हाला सांगेल की आता दोनच हंगाम उरले आहेत, तर तोही हिशेब वेगळा. अशा वेळी जास्त कमाई पदरात पाडून घेणे हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. सांगायचे इतकेच की हा निर्णय डॉक्टर आणि वकील यांच्या उत्तरांवर उभा राहावा, एजंटच्या दहा दिवसांवर उभा राहू नये.

नागरिकत्वावरून तुमचे सहकारी जे सुनावतात, त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. कायम वास्तव्याचा परवाना घेतल्याने तुमचे मूळ नागरिकत्व जात नाही. तो फक्त क्लबविना राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आहे. नागरिकत्व ही पुढची, स्वतंत्र पायरी आहे, आणि तिथे मात्र तुमचा मायदेश दुहेरी नागरिकत्व मानतो का हे नीट पाहावे लागेल, कारण मूळ नागरिकत्व गेले तर मायदेशाच्या संघाकडून खेळण्याचा मार्गही बंद होतो. राष्ट्रीय संघ बदलणे ही तिसरी गोष्ट. जन्माचे किंवा आईवडील, आजी-आजोबांचे नाते नसलेल्या देशाकडून खेळायचे तर, १८व्या वर्षानंतर तिथे गेलेल्या खेळाडूला नागरिकत्वाबरोबर किमान पाच वर्षांचे वास्तव्यही दाखवावे लागते, आणि मायदेशाकडून अधिकृत स्पर्धेतला सामना खेळून झाला असेल तर नंतर मिळवलेल्या नागरिकत्वावर हा बदल सहसा शक्य होत नाही. दिएगो कोस्ता यांनी २०१३ मध्ये ब्राझीलकडून दोन सामने खेळले होते, पण ते मैत्रीपूर्ण होते, म्हणून ते २०१४च्या विश्वचषकात स्पेनकडून उतरू शकले. ब्राझीलमध्येच झालेल्या त्या स्पर्धेत प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. तो निर्णय घेणे किती जड असते हे मला मान्य आहे, परंतु तो निर्णय आज तुमच्यासमोर नाही. मायदेशावर प्रेम करणाऱ्या माणसाने आजारपणात हद्दपारीच्या भीतीखाली राहिले पाहिजे, असे कोणतेही देशप्रेम मागत नाही.

घरच्यांविषयी लिहिताना तुमचा सूर बदललेला जाणवला. तुम्ही निम्म्याहून अधिक कमाई पाठवता, याबद्दल मनापासून आदर वाटतो. पण घरच्यांना रक्कम माहीत आहे आणि तुमच्या कराराची अखेरची तारीख माहीत नाही, हे त्यांच्यासाठीही धोक्याचे आहे. त्या रकमेवर घराचे हप्ते आणि भावाचे शिक्षण बेतलेले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. पाच महिन्यांनी एखाद्या सकाळी ती रक्कम थांबली तर त्यांना सावरायला वेळच मिळणार नाही. वडिलांशी बोलताना स्वप्न मोडल्याची बातमी देण्याची गरज नाही. करार कधी संपतो, गुडघा कसा आहे, कायम वास्तव्याला किती महिने उरले आहेत आणि तोपर्यंत दरमहा किती पाठवता येईल, इतके स्पष्ट सांगा. पहिल्या श्रेणीचे बोलणे नातेवाइकांत पसरले असेल, तर ते आवरणे हे वडिलांचे काम आहे; ते निभावण्यासाठी तुम्ही पायावर धोका ओढवून घेणे बरोबर नाही. वडिलांशी फोनवर हे बोलणे जड जात असेल, तर आधी भावाशी बोला. जो मुलगा तुमच्या पैशांवर शिकतो आहे, त्याला हे जाणून घेण्याचा हक्क आहे आणि समजून घेण्याइतका तो मोठाही असणार.

पाठवायची रक्कम थोडी कमी करून तीन ते सहा महिन्यांचा स्वतःचा खर्च बाजूला ठेवा. दोन करारांच्या मधला काळ हा परदेशी खेळाडूसाठी सर्वांत उघडा काळ असतो, कारण तेव्हा पगार नसतो, क्लबचा फिजिओ नसतो आणि काही ठिकाणी राहण्याचा परवानाही थोड्याच दिवसांचा उरतो.

खेळता खेळता दुसरे काही शिकणे म्हणजे हार मानणे, असे तुमच्या ड्रेसिंग रूममध्ये समजले जाते, असे तुम्ही लिहिले आहे. नादिया नदीम लहानपणी अफगाणिस्तानातून निर्वासित म्हणून डेन्मार्कला आल्या, डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघाकडून खेळल्या, अनेक देशांतल्या क्लबांकडून खेळल्या, आणि खेळत असतानाच वैद्यकशास्त्राचा अभ्यास पूर्ण करून २०२२ मध्ये डॉक्टर झाल्या. सगळ्यांनी डॉक्टर व्हावे असे नाही. पण सात वर्षांत तुम्ही त्या देशाची भाषा शिकलात, लहान मुलांच्या संघांना सराव देण्यात तुम्हाला रस आहे, आणि क्लबमध्ये प्रशिक्षक आहेत. प्रशिक्षकाच्या पहिल्या पातळीचा परवाना मिळवायला याहून चांगली जागा कुठली? मुदतवाढीच्या बोलण्यांत या अभ्यासक्रमाचे शुल्क आणि त्यासाठी लागणारी सुट्टी मागा. तिसऱ्या देशात नवी भाषा शिकण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि हे सगळे पुन्हा दोन-तीन वर्षे मागे पडेल.

तुमच्यासारख्याच वाटेवर निघालेले तरुण खेळाडू आणि त्यांचे पालक हे उत्तर वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. १८ वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतरण फिफाने मुळात बंद ठेवलेले आहे. पालक फुटबॉलखेरीज अन्य कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, अशासारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला परदेशी क्लबच्या चाचणीसाठी पैसे भरून पाठवा, असे सांगणाऱ्या माणसापासून दूर राहावे. ज्या क्लबला खेळाडू खरोखर पाहायचा असतो, तो निमंत्रणाचे पत्र स्वतःच्या नावाने देतो आणि खेळाडूकडून चाचणीचे शुल्क मागत नाही. पासपोर्ट कोणाच्याही हाती ठेवायला देऊ नये. ज्या भाषेत करार आहे ती वाचता येत नसेल, तर विश्वासू भाषांतर मिळेपर्यंत सही करू नये. महिला खेळाडूंनी गर्भारपण आणि बाळंतपणाच्या काळातील वेतनाविषयी करारात काय म्हटले आहे ते आवर्जून पाहावे. फिफाच्या नियमांत आता प्रसूती रजेचे किमान संरक्षण आहे, परंतु करारात ते स्पष्ट लिहिलेले असणे केव्हाही बरे.

तुमच्याकडे परत येतो. गुडघ्याची तपासणी या आठवड्यात क्लबबाहेरच्या शल्यचिकित्सकाकडे करून घ्या आणि अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवा, कारण दोन्ही क्लबांशी होणारी बोलणी शेवटी त्याच अहवालावर येणार आहेत. वकिलाची वेळ घेताना लोनच्या हंगामाची सगळी कागदपत्रे, पासपोर्टवरचे प्रवेश-निर्गमनाचे शिक्के आणि आतापर्यंतचे सर्व परवाने सोबत न्या, म्हणजे उरलेले महिने खरोखर चौदाच आहेत याची खात्री होईल. एजंटला आज एवढेच लिहून पाठवा की कराराचा पूर्ण मसुदा, हातात पडणाऱ्या पगाराचा आकडा, दुखापतीच्या काळातल्या वेतनाचे कलम आणि त्याच्या स्वतःच्या मोबदल्याची माहिती लेखी मिळाल्यानंतर, डॉक्टर आणि वकील यांची मते हाती आल्यावरच तुम्ही उत्तर द्याल, आणि हे उत्तर दहा दिवसांत येईलच असे नाही.